पाळीव उंदरांचा स्वभाव ओळखून त्यांचे घर कसे उभारावे

मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द आपण अनेक प्राण्यांसाठी वापरतो. माळ्यावर रात्री खुडबुड करणारा, दुकानात ‘पांढरा उंदीर’ म्हणून विकला जाणारा बोटभर लांबीचा आणि ज्याला पाळणारे लोक ‘रॅट’ म्हणतात तो वीतभर अंगाचा, हे सारे आपल्या लेखी उंदीरच असतात. पाळायचे ठरवल्यावर मात्र हा फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावा लागतो. दुकानदार जे दाखवतो ते रॅटचे पिल्लू आहे की पूर्ण वाढलेला छोटा उंदीर, हे ओळखण्यासाठी डोके आणि पावले पाहावीत. रॅटच्या पिल्लाचे डोके व मागची पावले अंगाच्या मानाने मोठी आणि शेपूट बुंध्याशी जाड असते, तर छोट्या उंदराचे तोंड निमुळते, कान मोठे आणि शेपूट दोरीसारखी बारीक असते. या लेखात ‘उंदीर’ म्हणजे यापुढे रॅटच समजावा.

आपल्या घरांच्या आढ्यांवरून आणि केबलवरून धावणारा काळा उंदीर हा मुळात चढणारा प्राणी आहे. पाळीव रॅट मात्र तपकिरी उंदराचा, म्हणजे रॅटस नॉर्वेजिकसचा वंशज आहे, आणि हा प्राणी मुळात उत्तर चीन व मंगोलियाकडच्या मोकळ्या प्रदेशात बिळे खणून राहणारा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उंदीर पकडण्याचा धंदा करणाऱ्यांनी वेगळ्या रंगाची पिल्ले बाजूला ठेवून वाढवायला सुरुवात केली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला जॅक ब्लॅक हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. १९०१ मध्ये उंदरांच्या हौशी पालक मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांमुळे इंग्लंडमधल्याच एल्सबरी येथील प्रदर्शनात पाळीव उंदरांना प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. इतक्या पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढल्यावर बिळाची आठवण पुसली गेली असेल, असे कुणालाही वाटेल. पण ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ मॅन्युएल बर्डॉय यांनी प्रयोगशाळेत जन्मलेले उंदीर एका मोकळ्या आवारात सोडले, तेव्हा त्यांनी थोड्याच काळात आडोसे शोधले, बिळे खणली, वाटा पाडल्या आणि आपापसातली उतरंडही लावली. ज्यांनी कधी माती पाहिली नव्हती त्यांना खणणे शिकवावे लागले नाही. म्हणूनच ‘कोणता पिंजरा घ्यावा’ या प्रश्नाच्या आधी ‘बिळात हा प्राणी काय काय करतो’ हा प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

आधी पाहावे, मग मांडावे

उंदीर दिवसा झोपतो आणि तिन्हीसांजेला जागा होतो, त्यामुळे दिवसा पिंजऱ्याकडे पाहून त्याच्या गरजांचा अंदाज येत नाही. त्याला तांबडा रंग नीटसा दिसत नाही. म्हणून खोलीतले दिवे मालवून लाल रंगाचा झीरोचा बल्ब लावावा, पिंजऱ्यापासून दोन हातांवर बसावे आणि तासभर काहीही न करता नुसते पाहावे. आवळी आणि जावळी या एकमेकींच्या बहिणी असलेल्या माझ्या दोन उंदीरमाद्या घरी आल्या, तेव्हा मी असे सलग तीन रात्री बसले आणि त्या तीन रात्रींत जे उमगले ते पुढे फार उपयोगी पडले. मधल्या मोकळ्या जागेतून त्या जवळजवळ जातच नसत. अंगाला भिंत घासत, मिशा सतत पुढेमागे हलवत त्या कडेकडेने फिरत आणि मधली जागा ओलांडायचीच झाली तर एका दमात पळत. पनीरचा तुकडा दिला की तो तिथे बसून खाण्याऐवजी आवळी तो तोंडात धरून डाव्या कोपऱ्यातल्या कागदांखाली नेऊन ठेवी, वर नाकाने कागद सारून जागा बुजवी आणि पुन्हा रिकाम्या तोंडाने दुसरा मागायला येई. जावळी मागाहून तोच तुकडा उकरून उजव्या कोपऱ्यात नेई. तासाभरात एका तुकड्याचा तीनदा प्रवास झाला.

या सवयींचा अर्थ लावणे कठीण नाही. उंदराची दृष्टी मुळात अधू असते, लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरांची तर फारच अधू. ते डोके डावीउजवीकडे संथपणे हलवताना दिसतात, तेव्हा आजारी नसून अंतराचा अंदाज घेत असतात. जगाची ओळख त्यांना वासाने, मिशांनी आणि कानांनी होते. आकाशातून झडप घालणारे शत्रू शेकडो पिढ्यांच्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे उघडी जागा आणि वरून येणारा हात या दोन्हींची त्यांना भीती वाटते. उंदराला उचलताना हात नेहमी समोरून किंवा बाजूने, खालच्या पातळीवरून न्यावा, त्याला हुंगू द्यावे आणि एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली देऊन उचलावे. शेपटीला धरून कधीही उचलू नये. शेपटीची कातडी सोलून निघू शकते आणि ती पुन्हा येत नाही.

उंदरांच्या आवाजाबद्दलही एक गोष्ट ठाऊक असावी. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचेच ऐकू येते, उंदरांचे बरेचसे बोलणे त्याच्या वर चालते. भीती आणि त्रास ते सुमारे २२ किलोहर्ट्‌झच्या लांबट आवाजात सांगतात आणि खेळताना, गुदगुल्या केल्यावर सुमारे ५० किलोहर्ट्‌झचे तुटक आवाज काढतात. मेंदूशास्त्रज्ञ याक पँक्सेप यांनी या दुसऱ्या आवाजाची तुलना हसण्याशी केली होती. यातून निघणारी व्यवहारातली सूचना अशी की, घरातले उंदीर पळवण्यासाठी प्लगला लावायची जी अल्ट्रासॉनिक यंत्रे मिळतात ती पाळीव उंदरांच्या घरात मुळीच नसावीत, आणि पिंजरा टीव्ही किंवा कॉम्प्युटरला लागून ठेवू नये. आपल्याला ऐकू येणारा एक आवाज मात्र अवश्य ओळखावा. सैलावलेला उंदीर दातांवर दात घासून बारीक करकर करतो आणि कधी त्याच वेळी डोळे पुढेमागे थरथरतात. जबड्याचा स्नायू डोळ्याच्या खोबणीतून जात असल्यामुळे असे होते. हे बहुधा समाधानाचे लक्षण असते. मात्र अंग आक्रसून, केस फुलवून कोपऱ्यात बसलेला उंदीर तशीच करकर करत असेल तर ते दुखण्याचे लक्षण समजावे.

एकटा उंदीर पाळू नये

या बाबतीत मी कुठलीही सवलत देत नाही. बिळात उंदीर एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात, एकमेकांची मान व पाठ साफ करतात आणि शत्रूची वर्दी एकमेकांना देतात. माणूस दिवसाचा तासभर देऊ शकतो, पण मध्यरात्री दोन वाजता उंदराच्या कानामागची जागा चाटू शकत नाही. म्हणून निदान दोन, एकाच लिंगाचे आणि शक्यतो सख्खे भाऊ किंवा सख्ख्या बहिणी घ्याव्यात. लिंग स्वतः तपासून घ्यावे, दुकानदाराच्या शब्दावर राहू नये. पिल्ले पाचव्या-सहाव्या आठवड्यातच प्रजननक्षम होतात, गर्भकाळ अवघा २१ ते २३ दिवसांचा असतो आणि व्यालेली मादी एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. नरमादी एकत्र ठेवून ‘बघू पुढे’ म्हणणाऱ्याच्या घरात दोन महिन्यांत काय होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माद्या अंगाने लहान, साधारण २५० ते ३५० ग्रॅमच्या आणि सतत हलत्या असतात. नर ४५० ते ६५० ग्रॅमपर्यंत भरतात आणि वयात आल्यावर मांडीवर पसरून पडणे पसंत करतात. दोघांचे खेळणे पाहून नवख्या माणसाला भांडण वाटते. खेळात एकमेकांच्या मानेकडे नाक नेणे, एकाने दुसऱ्याला पाठीवर पाडणे आणि पुढच्या पायांनी ठोसे दिल्यासारखे करणे हे सारे नेहमीचे आहे. खऱ्या भांडणात रोख मानेऐवजी पाठीच्या मागच्या भागावर असतो, केस उभे राहतात, उंदीर फुसफुसत आडवा सरकतो आणि रक्त निघते. तसे दिसले तर हात मध्ये घालू नये, जाड टॉवेल टाकून दोघांना वेगळे करावे.

पिंजरा

दोन माद्यांसाठी निदान ९० सेंटिमीटर लांब, ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच जागा असावी, असे मी सुचवेन. पोपटाचे किंवा हॅमस्टरचे म्हणून विकले जाणारे पिंजरे यासाठी अगदीच अपुरे पडतात. काचेची टाकी तर टाळावीच, कारण तिच्यात हवा खेळत नाही आणि लघवीतून निघणारा अमोनिया तळाशी, नेमका उंदराच्या नाकाच्या उंचीवर, साचून राहतो. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू आधीपासून असतोच. हवा खराब झाली की तो डोके वर काढतो, आणि उंदरांच्या आजारपणाची सुरुवात फार वेळा इथेच होते.

मनासारखा पिंजरा बाजारात न मिळाल्यास जाळीचे काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेता येतो. त्याला तीन गोष्टी बजावून सांगाव्यात. जाळी अर्धा इंचीपेक्षा मोठी नको, कारण डोके जिथून जाते तिथून पिल्लू अख्खे जाते. कापलेल्या तारांची टोके आत येऊ नयेत. जाळीवर पावडर कोटिंग असावे, कारण उघडी गॅल्व्हनाइज्ड जाळी लघवीचा वास धरून ठेवते आणि उंदीर तिला दातही लावतात. दार एवढे मोठे हवे की आपले दोन्ही हात खांद्यापर्यंत आत जातील. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु दार अरुंद असले की साफसफाईचा कंटाळा येतो आणि त्याची किंमत उंदरांची फुप्फुसे मोजतात.

तळ आणि मजले भरीव असावेत. नुसत्या तारांवर चालून तळपायांना गाठी येतात आणि त्या चिघळल्या की बऱ्या होणे अवघड जाते. पिंजऱ्याची उंची पोकळ ठेवू नये. उंदीर चढतो हौसेने, पण पडतोही, म्हणून हातभर अंतरावर फळी, दोर किंवा झोळी अशी काहीतरी अडण्याची जागा असावी. झोळी हा या घरातला सर्वांत लाडका भाग ठरतो. जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून, कडा दुमडून शिवून, चार कोपऱ्यांना कड्या लावून टांगला की काम होते. सुटे धागे मात्र राहू देऊ नयेत, ते बोटांभोवती आवळले जातात. याच कारणाने घरट्यासाठी कापूस देऊ नये. साध्या कागदाच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्याची खोकी उत्तम.

तळाशी अंथरायला काय वापरावे, हा आपल्याकडे खरा अडचणीचा प्रश्न आहे. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण त्यात बारीक धूळ असते आणि लाकूड कोणते हे सांगता येत नाही. देवदार व पाइन यांच्या भुशातली सुवासिक द्रव्ये श्वसनमार्गाला त्रास देतात आणि यकृतावरही भार टाकतात. पॅकिंगच्या खोक्यांचे लाकूड बहुतेक वेळा पाइनचेच असते. माझ्या अनुभवात न छापलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा चार-पाच इंचांचा थर आणि एका कोपऱ्यात कागदाच्या लगद्याच्या गोळ्यांचे ताट, एवढे पुरते. बहुतेक उंदीर विष्ठेसाठी एक कोपरा स्वतःच निवडतात. ताट आपण ठरवलेल्या जागी न ठेवता त्यांनी निवडलेल्या कोपऱ्यात सरकवावे.

साफसफाईत माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती. पहिल्या रविवारी मी सगळे अंथरूण फेकले, झोळ्या धुतल्या आणि पिंजरा फिनाइलने पुसून लख्ख केला. त्या रात्री आवळी-जावळींनी जागोजागी लघवीचे थेंब सोडले, दोघी आडोशातून बाहेर आल्या नाहीत आणि सकाळी त्यांच्या डोळ्यांभोवती लाल कडा दिसल्या. ते रक्त नव्हते. डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारे पॉर्फिरिन नावाचे द्रव्य ताण आला किंवा आजार झाला की जास्त दिसू लागते. वास हीच ज्यांच्या घराची ओळख, त्यांची ती ओळख मी एका दुपारी पुसून टाकली होती आणि वर फिनाइलचा उग्र दर्प ठेवला होता. तेव्हापासून विष्ठेचा कोपरा रोज, बाकीचा पिंजरा आठवड्याला थोडाथोडा, पातळ केलेल्या व्हिनेगरने पुसते आणि जुन्या घरट्यातले मूठभर कागद नव्यात मिसळते.

खणणे, कुरतडणे, शोधणे

बिळाची खरी भरपाई खणण्याच्या पेटीने होते. नर्सरीत मिळणारी, खत न मिसळलेली कोकोपीटची वीट भिजवून, चांगली पिळून, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतपत ठेवावी आणि खोल प्लास्टिकच्या पेटीत भरावी. तिच्यात ज्वारी-बाजरीचे चिमूटभर दाणे पुरले की उंदीर पुढच्या पायांनी उकरतात, मागच्या पायांनी माती मागे झुगारतात आणि मध्येच थांबून दाणा दोन्ही हातांत धरून सोलतात. राहिलेले दाणे चार दिवसांत उगवतात आणि तो कोवळा पालाही त्यांना आवडतो. बुरशीचा वास आला की सारे बदलावे.

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते पिवळसर-नारिंगी असणे हेच निरोगीपण आहे. कुरतडायला नारळाची स्वच्छ घासलेली करवंटी द्यावी. तिला एक भोक पाडले की आत दाणे लपवता येतात. चाक द्यायचे असेल तर ते ३० सेंटिमीटर किंवा अधिक व्यासाचे आणि सलग पृष्ठाचे असावे, म्हणजे पाठ वाकत नाही आणि शेपूट अडकत नाही.

मुख्य आहार दर्जेदार गोळी-खाद्याचा, त्याला भाज्यांची आणि धान्याची जोड असावी. शेंगदाणे व सूर्यफुलाच्या बिया बक्षीस म्हणूनच द्याव्यात, कारण उंदीर लवकर लठ्ठ होतात. कच्ची कडधान्ये, कच्चा बटाटा आणि चॉकलेट देऊ नये, नरांना संत्र्या-लिंबाच्या साली देऊ नयेत. उंदराला उलटी करता येत नाही, म्हणून नवे खाणे तो आधी चिमूटभरच चाखतो. त्याची ही सावधगिरी नखरा समजून आग्रह करू नये. खाणे एका वाटीत वाढण्याऐवजी पुठ्ठ्याच्या नळ्यांत, झोळीच्या घडीत, पेटीत असे विखरून ठेवावे. उन्हाळ्यात उथळ परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात मटाराचे दाणे सोडले तर उंदीर ते हातांनी आणि तोंडाने बाहेर काढतात, खेळही होतो आणि अंगही गार राहते.

जागा, ऋतू आणि बाहेरचे उंदीर

उंदराला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः शेपटीतून बाहेर टाकतो आणि फारच तापले तर लाळ अंगाला फासतो. १८ ते २४ अंश हे त्याला सुखाचे तापमान, तिशीच्या वर धोका सुरू होतो. म्हणजे आपल्याकडचा एप्रिल-मे हा त्याच्यासाठी जिवावरचा काळ असतो, विदर्भ-मराठवाड्यात तर निश्चितच. पिंजरा घरातल्या सर्वांत गार, उन्हाची तिरीप न येणाऱ्या खोलीत हलवावा, आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी आणि दुसरी बाजू तशीच मोकळी ठेवावी, म्हणजे गारवा घ्यायचा की नाही हे उंदराला ठरवता येते. पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको. उंदीर अंग टाकून जोरात धापा टाकत असेल तर शेपटी व पावले साध्या पाण्याने ओली करून लगेच डॉक्टरकडे न्यावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. फोडणीचा ठसका, धूप, उदबत्ती आणि डासांची कॉइल या सर्वांचा धूर त्या छोट्या फुप्फुसांना सोसत नाही. दिवाळीच्या दिवसांत आणि विसर्जनाच्या रात्री आतल्या खोलीत, जास्तीचे कागद आणि पुठ्ठ्याची दोन खोकी देऊन ठेवावे, म्हणजे त्यांना खोल दडून बसता येते.

पावसाळ्यात बाहेरचे उंदीर घरात शिरतात आणि त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो. पाळीव उंदरांचे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, सांडलेले दाणे रोज झाडावेत, खिडक्यांना जाळी असावी आणि बाहेर सापडलेले पिल्लू दया आली तरी या पिंजऱ्यात सोडू नये. सोसायटीत विषाच्या वड्या ठेवल्या जातात का, याची चौकशी करावी. पाळीव उंदीर खोलीबाहेर निसटला तर पहिला धोका त्याच वड्यांचा असतो.

उतारवय

उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असते. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहावे, कारण उंदीर दुखणे लपवतो पण वजन लपवू शकत नाही. माद्यांच्या छातीपोटाशी गाठी येणे फार आढळते. त्या पुष्कळदा कर्करोगाच्या नसतात, पण झपाट्याने वाढतात. म्हणून हाताला लागताच दाखवाव्यात. छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर गरज पडण्याच्या आधीच शोधून ठेवावा.

दीड-दोन वर्षांनंतर मागचे पाय कमजोर होऊ लागले की घरही बदलावे. वरचे मजले काढावेत, झोळी तळापासून चार बोटांवर आणावी, शिडीऐवजी खरखरीत कापड लावलेला उतार द्यावा आणि पाणी दोन ठिकाणी ठेवावे. जावळीला अखेरच्या तीन महिन्यांत पाण्याच्या बाटलीच्या नळीतली गोळी जिभेने दाबता येईना, तेव्हा जड मातीची पणती पाण्यासाठी ठेवली आणि ती तिने सुखाने वापरली.

दोघांतला एक आधी जातो. आवळी गेली तेव्हा तिला फडक्यावर ठेवून मी थोडा वेळ पिंजऱ्यातच राहू दिले. जावळीने तिला हुंगले, मानेवरचे केस नेहमीसारखे साफ केले आणि मग ती आपल्या खोक्यात गेली. मागे राहिलेला उंदीर धट्टाकट्टा असेल तर त्याच लिंगाची दोन पिल्ले आणावीत, दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून आजार नाही याची खात्री करावी आणि मग ज्या जागेवर कुणाचाच वास नाही अशा ठिकाणी, उदाहरणार्थ मोरीत कोरडा टॉवेल अंथरून, पंधरा-वीस मिनिटांच्या भेटींपासून सुरुवात करावी. दोनच पिल्ले आणण्याचे कारण असे की, म्हाताऱ्या उंदराला झोप हवी असते तेव्हा ती एकमेकांशी खेळतात.